मौसाजीची क्रेन

भिलाई, सेक्टर ६
३ ऑगस्ट २००७

चि. पीयूष,

जय भीम. आम्ही इकडं जिथल्या तिथं हाओत. तुमचं कसं चाललं ते लिहजो.

फोन सोडून मावशी पत्र कावून लिहून राहिली, असं तुह्या मनात येईल. अरे, फोन यायच्या, तुह्या मौसाजीच्या, उशाशी हाये. मी नुसतं हॅलो म्हटलं की हे कान टवकारतात, अन् मंग कोण होतं, काय म्हणे, कोणाचं काय झालं, सारं सांगा लागते. तवा पत्रच बरं. हे यायले सांगाचं नाही.

तू उन्हाळ्यात तुह्या मौसाजीसाठी जे खेळाचं मशीन ठेवून गेला, ते बिघडलं. चालू होते, कंपनीचं नाव येते, अन् मंग पांढरी फट्ट स्क्रीन. तुही क्रेन नाही, ते गाणं नाही, काही नाही. मी दोनदा बंद-चालू केलं, फुंकर मारली, उन्हात ठेवलं. माहं डोकं तिथंच संपलं.

तुले खरं सांगतो, तू ते आणलं तवा मी मनात हसली होती. जलमभर प्लांटमधे खरी क्रेन चालवलेल्या माणसाले हा पोट्टा हातभर नाही, बोटभर क्रेन देऊन राहिला! अन् तेही डावं अंग गेलेल्या माणसाले. पण बाप्पा, जादू झाली. आधी मी फाटकापर्यंत गेली का आतून "कला! ओ कला!" सुरू. दळण टाकाले जावं तर कला, दोरीवरचे कपडे काढावं तर कला. माह्या नावाचा कंटाळा आला होता मले. तुहं मशीन आलं तसं एका हातानं उशीवर धरून हे गप बसाले लागले. गाणं वाजून राहते, मी चप्पल घालतो, जातो, येतो, तरी गाणं वाजूनच राहते. कोणी आवाज देत नाही.

आता पुन्हा कला सुरू झालं. त्यात जेवणाचे नखरे वेगळे. अर्धं ताट तसंच सोडतात. भाजी वाढली तर भाजीले बोटही लावत नाहीत, अन् मंग म्हणतात भाजी वाढली कुठं? लहान लेकरू परवडलं.

दुरुस्त होत असेल तर सांग. मी दहावी पास हाओ, नीट लिहिलं तर समजते मले. माह्या नरेशचं जुनं कम्प्युटर घरीच हाये, तो बंगलोरले घेऊन गेला नाही.

तुही मावशी,
कलावती


नागपूर
९ ऑगस्ट

प्रिय मावशी,

जय भीम. तुझं पत्र आधी आईनं वाचलं, मग मले भेटलं. आमच्या घरीही काही लपत नाही, तू एकटी नाहीस.

घाबरू नको, मशीन चांगलं आहे. त्याच्या मागच्या खाचेत जे चपटं डबीसारखं आहे ना, ते कार्ट्रिज. मी बनवलेला क्रेनचा गेम त्यात भरलेला असतो. कधीकधी आतलं पुसलं जाते. मग कम्प्युटरमधून पुन्हा भरावं लागते, बस. सोबत सीडी पाठवतो आहे अन् एक वायर. सीडी टाकली की एक खिडकी उघडेल, त्यात माझ्या क्रेनचं चित्र दिसेल. कार्ट्रिज मशीनमध्येच राहू दे. वायरचं बारकं टोक कार्ट्रिजमध्ये, चपटं टोक कम्प्युटरच्या मागच्या भोकात. समोरच्या भोकात नाही, ते नरेशदादानंच बिघडवलं होतं. मग खिडकीत राइट (Write) लिहिलेलं बटण दाबायचं. निळी पट्टी भरत जाईल, पूर्ण भरली की काम खतम.

नाही झालं तर कार्ट्रिजच्या पितळी दातांना खोडरबर हळूच घास. आणि मशीन आधी पूर्ण चार्ज करून घे.

मौसाजीले गेम इतका आवडला हे वाचून मले काय वाटलं सांगू! कॉलेजात सगळ्यांना दाखवलं. सर म्हणाले, खरा क्रेन ऑपरेटर खेळतो म्हणजे तू पास.

तुझा,
पीयूष


भिलाई
१७ ऑगस्ट

चि. पीयूष,

तुहे सर तुले पास करोत का नापास, तुह्या कार्ट्रिजनं मले नापास केलं. सारं तू सांगितलं तसं केलं. मागचं भोक, पुढचं नाही. खिडकी उघडली, क्रेन दिसली, बटण दाबलं. निळी पट्टी गेली चुलीत, कम्प्युटर म्हणते कार्ट्रिज सापडत नाही. अरे माह्या हातात हाये नं ते! मी त्याले स्क्रीनपुढं धरून दाखवलं, हे पाय, हे काय हाये? मंग माहंच मले हसू आलं, अन् मंग रडू आलं.

खोडरबर घासला. चार्ज केलं. शेजारच्या बेबीताईच्या घरून दुसरी वायर आणली, तिच्या जावयाच्या कॅमेऱ्याची. तेच. सापडत नाही, सापडत नाही.

मी बाजूच्या खोलीत कम्प्युटरपुढं बसली का हे पलंगावरून इचारतात, "झालं का?" सकाळी उठले का आधी तेच, "मशीन झालं का?" चहा नंतर. एवढा जीव लागला म्हातारपणी खेळण्यावर, सांगाचं कोणाले?

पीयूष, हे दसऱ्याच्या आत झालं पाहिजे. कावून ते लिहितो. विहारातल्या बायका दीक्षाभूमीले जाऊन राहिल्या. दरवर्षी जातात. मीही दरवर्षी जात होती, तुह्या मायच्या घरी उतरत होती, तुले आठवत असेल. यायले लकव्याचा अटॅक आला तसं माहं बंद झालं. यंदा मले जायचं हाये. बेबीताई जेवणाचं पाहीन म्हणते, पण दिवसभर बसणार कोण यायच्यापाशी? मशीन असलं तर हे त्यात राहतील. मशीन नसलं तर मी गाडीत बसाच्या आधीच कला सुरू होईल, अन् मले ते दुर्गपर्यंत ऐकू येईल.

कधी कधी वाटते, या दोन खोल्यांच्या क्वार्टरात हे एक पलंगावर पडले हायेत, अन् मी उभ्या उभ्या पडली हाओ. तुह्या मायले हे वाचून दाखवू नको.

कलावती


नागपूर
२४ ऑगस्ट

मावशी,

आईनं हेही आधी वाचलं.

आता एक काम कर. सुरुवातीपासून जे जे करतेस, ते जसंच्या तसं लिहून पाठव. मी काय सांगितलं ते नाही, तू काय करतेस ते. कुठे बसतेस, आधी कशाला हात लावतेस, सगळं. बारीकसारीक वाटलं तरी सोडू नको. गडबड तिथंच कुठंतरी आहे. मी येऊन करून दिलं असतं, पण परीक्षा अगदी डोक्यावर आहे.

पीयूष


भिलाई
२ सप्टेंबर

चि. पीयूष,

घे. चूल सारवल्यापासून सांगू का आंघोळीपासून?

मशीन यायच्या उशीजवळ राहते. मी म्हणतो, आणा इकडं, भरून पाहतो. हे म्हणतात, "आधी शटडाउन." मंग मी मशीनचं बटण बंद करतो, यायले दाखवतो. हे म्हणतात, "टॅग लाव." तर एक पुठ्ठा कापून ठेवला हाये, त्यावर लिहिलं हाये 'आदमी काम पर है'. दोऱ्यानं तो मशीनले बांधतो. हसू नको. प्लांटमधे क्रेनवर माणूस चढाच्या आधी मेन ऑफ करा लागते अन् टॅग लावा लागते, अन् ज्यानं लावला त्यानंच काढाचा. आमच्या घरी बल्ब बदलला तरी टॅग लागते. लग्न झाल्यापासून असंच हाये. नरेशच्या सायकलची चेन बसवतानाही यायनं टॅग लावला होता.

मंग बंद मशीन घेऊन मी कम्प्युटरपाशी येतो. कार्ट्रिज मशीनमधेच राहते, तू तसंच राहू दे म्हटलं होतं. वायर लावतो. बटण दाबतो. सापडत नाही म्हणते. वायर काढतो. यायले नेऊन देतो. हे टॅग पाहतात अन् मंग म्हणतात, "खोल."

यात माहं काय चुकलं ते तूच सांग.

कलावती


नागपूर
८ सप्टेंबर

मावशी गं मावशी,

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मशीन चालू पाहिजे. चालू! कार्ट्रिजले करंट मशीनमधूनच भेटते. बंद मशीनमधलं कार्ट्रिज कम्प्युटरले कसं सापडेल? मी लिहिलंच नाही, कारण कोणी बंद करून भरेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चूक माझी आहे, मौसाजीची नाही. सिलेक्टचं बटण दाबून धरायचं, मशीन चालू करायचं, मग वायर, मग राइट. पट्टी भरेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, मध्ये बंद केलं तर कार्ट्रिज कायमचं जाऊ शकते.

आता मौसाजीला चालू क्रेनवर काम करायला तूच मनव. ते मले जमणार नाही.

पीयूष


भिलाई
२० सप्टेंबर

चि. पीयूष,

झालं. ऐक कसं झालं.

मी म्हटलं, चालू ठेवूनच भरा लागते. हे असे बिघडले जसं मी यायले फाशी देऊन राहिली. "चालू क्रेनवर माणूस? कोणी सांगितलं? कोणता इंजिनिअर हाये?" मी म्हटलं पीयूष हाये. "त्याची सर्व्हिस किती?" तीन दिवस असंच. चौथ्या दिवशी मी रागानं वायर फेकली अन् म्हटलं, राहू द्या बंद, मीही राहतो बंद, दोघं मिळून बंद राहू. तवा हे म्हणतात, "इकडं पलंगापाशी आण सारं. बटणावर बोट मी ठेवतो. माह्या बोटाशिवाय कोणी बंद करणार नाही."

मंग कम्प्युटर स्टुलावर ओढत आणलं. यायनं उजव्या हाताचं बोट बटणापाशी ठेवलं अन् श्वास धरला. पट्टी भरून राहिली, भरून राहिली. माह्या कपाळाले घाम. भरली तसं तुहं गाणं वाजलं, टिंटिं टिंटिं. हे माह्याकडं न पाहता म्हणतात, "जा आता, तुले काही काम असेल." अन् मी, पीयूष, यायले पाणीही न इचारता चप्पल घातली.

आता जे लिहितो ते तुह्यापाशी ठेव. तुले वाटते मी विहारात जातो. विहारात जातो, दळणाले जातो, खोटं नाही. पण जास्तीत जास्त मी पावर हाउस स्टेशनवर जाऊन बसतो. नागपूरकडच्या गाड्या लागतात त्या फलाटावर. नुसती बसतो. लोक चढतात ते पाहतो. जुलैमधे एक दिवस गाडी उभी होती तवा मी डब्याच्या दांडीले हात लावला. चढली नाही. पण हात लावला होता, अन् त्या वेळेले मले घरचं कोणी आठवलं नाही. घरी आली तर हे तसेच, मशीन उशीवर, गाणं सुरू. यायले काही पत्ता नाही. मले भल्ली लाज वाटली, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

दसऱ्याले मी जातोच. दोन दिवस. बेबीताईले सांगून ठेवलं.

कलावती


नागपूर
२८ सप्टेंबर

मावशी,

दोन दिवस नाही, आठ दिवस. परीक्षा संपते, मी भिलाईले येतो. मौसाजीपाशी मी बसतो, तू आमच्या घरी राहा. आईनं तुझा पलंग टाकूनही ठेवला. नाही म्हणू नको. गेममध्ये काही सुधारायचं असेल तर मले तिथंच पाहता येईल.

पीयूष


भिलाई
२२ ऑक्टोबर

मावशी,

जय भीम. दीक्षाभूमीवर गर्दीत हरवली नाहीस ना? आता पत्र लिहायची पाळी माझी आली, कारण फोन खरंच उशाशी आहे.

पहिल्याच दिवशी पान खायला म्हणून फाटक उघडलं तर आतून, "पीयूष! ओ पीयूष!" मी परत फिरलो. तेव्हा मले कळलं तू काय म्हणत होतीस ते. मी म्हटलं, मौसाजी, गेम खेळा ना. ते म्हणाले, "कायले?"

मावशी, हे तुले सांगायचं नाही अशी मौसाजीनं मले शपथ घातली आहे. मी मोडतो आहे.

काल मी मशीन घेऊन त्यांचा रेकॉर्ड पाहिला. किती बादल्या उचलल्या, कोणत्या लेव्हलपर्यंत गेले, सगळं त्यात राहते. रेकॉर्ड शून्य होता. एक बादली नाही. मले वाटलं माझाच गेम बिघडला. मी त्यांच्या हातात दिलं, म्हटलं खेळून दाखवा. ते बटणं दाबत राहिले, पण क्रेन जिथं उभी होती तिथं त्यांची नजर गेलीच नाही. माझ्या गेममध्ये क्रेन डावीकडून निघते. मग मी बोट धरून पाहिलं. उजवीकडे धरलं की दिसते. डावीकडे नेलं की म्हणतात, बोट कुठं गेलं? त्यांना डावीकडचं काहीच दिसत नाही, मावशी. अटॅक आला तेव्हापासून. ताटातली भाजी डावीकडे असते. मी रात्री ताट फिरवलं, तर सगळी भाजी खाल्ली अन् म्हणाले, "आज वाढली वाटते."

मी विचारलं, दिसत नाही तर मग दिवसभर चालू कायले ठेवता?

म्हणाले, "ते गाणं वाजलं का तुही मावशी चप्पल घालते."

तेच पुढं म्हणाले, "मले भेव वाटते रे एकटं. ती गेली का ही भिंत अंगावर आल्यासारखी वाटते. मंग तोंडून आवाज निघते, मी काय करू? तू मशीन दिलं तर मले आयडिया आली. बटण दाबत राहा लागते, तोंड दाबल्या जाते." गाणं बंद पडू नये म्हणून तू येईपर्यंत ते बटण दाबत राहतात. मशीन बिघडलं तेव्हा रोज 'झालं का' विचारत होते ते त्यासाठी.

स्टेशनचं त्यांना माहीत आहे. कोणीतरी पाहून सांगितलं होतं. मले म्हणाले, "बसते तर बसू दे. येते नं परत."

मी काही सांगितलं नाही असं समज. आठ दिवस पूर्ण राहा.

पीयूष


भिलाई
१८ नोव्हेंबर

चि. पीयूष,

तुहं पत्र तुह्या मायनं मले वाचून दाखवलं. मधातच तिनं ते माह्या हातात दिलं, तर उरलेलं मी वाचलं. तरी मी आठ दिवस पूर्ण राहिली. तू म्हटलं होतं म्हणून नाही, मले राहाचं होतं म्हणून. चंद्रपूरकडच्या बायकांसोबत पेंडालमधे जेवली, तुह्या मायसोबत दिवसभर झोपली. कोणी कला म्हणे नाही. तुही माय ताई म्हणे.

घरी आली अन् यायच्याशी भांडली. पायावर पाणीही घेतलं नाही. म्हटलं, तुम्ही मले समजता काय? चोरासारखी घरातून जात होती मी, मनातल्या मनात मरत होती, अन् तुम्ही नाटक करून राहिले होते? सरळ सांगाले काय झालं होतं, का जा म्हणून?

हे म्हणतात, "सांगितलं असतं, मले भेव वाटते पण तू जा, तर गेली असती का तू?"

त्या दिवसापासून नाटक बंद केलं आम्ही. मशीन कपाटात ठेवून दिलं. म्हटलं, आता खरं खरं राहू. ताट फिरवून देतो, सारं खातात. डाक्टरले दाखवलं, तो म्हणे डोळ्यात काही नाही, डोक्यात हाये, तसंच राहील. मी जाताना सांगतो, "जाऊन येतो." हे म्हणतात, "हो, जा." अन् पीयूष, हे म्हणताना यायचं तोंड पाहिलं का माहे पाय उचलत नाहीत. भिंतीकडं नजर, चादर मुठीत. कला म्हणत नाहीत, पण त्याच्यापरीस कला म्हटलं असतं तर बरं. फाटकापासून परत येतो मी. पिशवी ठेवतो. दळण बेबीताई आणून देते. नागपूरहून आल्यापासून मी या क्वार्टरातून एकटी बाहेर निघाली नाही. हे म्हणतात, "जा नं." मी म्हणतो, "जातो नं." अन् दोघंही तिथंच. पहिले मी एकटी अडकली होती, आता खरं बोलून दोघं अडकलो.

आज सकाळी हे म्हणतात, "कपाटातून मशीन दे."

मी म्हटलं, "कायले? दिसत तर नाही."

"दे म्हटलं नं. खेळाचं हाये मले."

दिलं. यायनं उशीवर ठेवलं, हातानं चाचपून बटण दाबलं. टिंटिं टिंटिं सुरू झालं. हे स्क्रीनकडं असे पाहून राहिले जसं सारं दिसून राहिलं. मीही तिथं अशी उभी राहिली जसं मले काही माहीत नाही. मंग हे म्हणतात, "बाजूले हो, उजेड अडून राहिला." अन् मी चप्पल घातली.

हे पत्र पावर हाउसच्या फलाटावर बसून लिहून राहिली. नागपूरची गाडी आता गेली. मी दांडीले हात लावला नाही, उगीच बसली हाओ. उन्ह चांगलं हाये. थोड्या वेळानं उठतो.

तुले एकच काम सांगतो. क्रेन पडली का तुहा गेम ओवर होते अन् गाणं बंद पडते. मंग यायले घाईघाईनं पुन्हा बटण शोधा लागते, अन् डावीकडचं तर सापडतच नाही. तू नवीन भरून पाठव. क्रेन पडली तर पडू दे, बादली सांडली तर सांडू दे. गेम ओवर होईल असं त्यात काही ठेवू नको.

तुही मावशी,
कलावती